फ्लो दिसतो, प्रोजेक्ट टिकतो

१ ऑक्टोबर २०२० पासून देशातल्या बड्या कंपन्यांना बिल नुसतं छापून चालेनासं झालं. वार्षिक उलाढाल ५०० कोटींच्या वर असेल, तर दुसऱ्या व्यापाऱ्याला द्यायचं प्रत्येक बिल आधी सरकारमान्य पोर्टलवर नोंदवायचं, तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन क्रमांक आणि क्यूआर कोड मिळवायचा आणि मगच ते बिल कायद्याच्या लेखी बिल ठरायचं. पुढे ५०० कोटींची मर्यादा १०० वर आली, मग ५०, २०, १० आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर. मोठ्या उद्योगसमूहांसाठी सुरू झालेला नियम तीन वर्षांच्या आत औद्योगिक वसाहतींतल्या मध्यम कारखान्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

दिवसाला पाच-सात बिलं असतील तर कारकून पोर्टलवर बसून ती भरू शकतो. पाचशे असतील तर ते माणसाच्या आवाक्यातलं काम राहत नाही. बिल करणाऱ्या सॉफ्टवेअरनंच पोर्टलशी बोलायला हवं. पण कारखान्यात बिलाचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, गोदामाचं दुसऱ्या कंपनीचं, वाहतुकीचं तिसरंच. त्यांची एकमेकांशी ओळख नसते. अशा अनोळखी सॉफ्टवेअरना एकत्र आणून काम पुढे सरकवणारं सॉफ्टवेअर म्हणजे इंटिग्रेशन सॉफ्टवेअर. त्यात स्क्रीनवर चौकोन मांडायचे, ते बाणांनी जोडायचे, की कामाचा फ्लो तयार होतो. प्रात्यक्षिकात तो पटकन उभा राहतो, पडद्यावर छान दिसतो आणि बैठकीतले सगळे खूश होतात.

हा फ्लो ज्या प्रोजेक्टमध्ये राहतो, त्या प्रोजेक्टकडे मात्र बैठकीत कोणी पाहत नाही. त्यात कोणते घटक आहेत, कुठे ठेवले आहेत, त्यांतला कोणता कोणावर अवलंबून आहे, हे विचारलं जात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की इंटिग्रेशन सुरू होतं ते फ्लोमुळे, पण वर्षानुवर्षं टिकतं ते प्रोजेक्टच्या मांडणीमुळे. आणि मांडणीचा पाया एकच: वेगवेगळ्या कारणांसाठी बदलणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या जागी ठेवायच्या.

जोडण्यांचं गणित

पाच सॉफ्टवेअर थेट एकमेकांना जोडायची म्हटलं तर १० जोडण्या लागतात. दहा असतील तर ४५ आणि वीस असतील तर १९०. सॉफ्टवेअर दुपटीनं वाढतात तेव्हा जोडण्या चौपटीहून अधिक होतात. म्हणूनच सगळ्यांनी एका सामाईक वाहिनीवर बोलावं, ज्याला जी माहिती हवी ती त्यानं तिथून घ्यावी, असा विचार पुढे आला.

या विचाराला बाजारात आणणाऱ्यांत एक ठळक नाव आहे विवेक रणदिवे यांचं. मुंबईत जन्मलेले रणदिवे एमआयटीत शिकले आणि १९८० च्या दशकात टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या त्यांच्या कंपनीनं ‘द इन्फर्मेशन बस’ हे तंत्र वॉल स्ट्रीटवर नेलं. तिथल्या दलालांच्या टेबलावर वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे पडदे असत आणि त्यांच्यातल्या आकड्यांचा मेळ घालणं हे दलालाच्या डोक्याचं काम असे. ‘बस’नं ती माहिती एका प्रवाहात आणली. १९९४ मध्ये ही कंपनी रॉयटर्सनं घेतली आणि १९९७ मध्ये त्यातून टिबको सॉफ्टवेअर उभी राहिली. टिबकोचं ‘बिझनेसवर्क्स’ हे फ्लो आखण्याचं सॉफ्टवेअर आज बँका, विमा, दूरसंचार, विमानसेवा अशा क्षेत्रांत वापरलं जातं. टिबकोचं विकास केंद्र पुण्यातही आहे, आणि बिझनेसवर्क्सवर काम करणारे मराठी तरुण आयटी कंपन्यांत सहज भेटतात. म्हणून पुढचं सगळं उदाहरण याच सॉफ्टवेअरचं घेतो.

बिझनेसवर्क्सच्या पाचव्या पिढीत ‘डिझायनर’ नावाच्या साधनात सगळा प्रोजेक्ट म्हणजे एक झाड असे. सगळं एकाच ठिकाणी. २०१४ मध्ये आलेल्या सहाव्या पिढीनं एक्लिप्स या प्रसिद्ध साधनावर नवा ‘स्टुडिओ’ उभारला आणि प्रोजेक्टचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा म्हणजे एक मॉड्यूल. आपण इतरांना काय देतो आणि आपल्याला इतरांकडून काय लागतं, हे प्रत्येक मॉड्यूलनं एका फायलीत लिहून जाहीर करायचं. हा बदल सवयीच्या लोकांना सुरुवातीला जाचक वाटतो, पण मांडणीची शिस्त त्यामुळेच लागते.

प्रोजेक्ट उघडून पाहू

समजा, एका कारखान्याच्या ई-इन्व्हॉइसचं, म्हणजे बिलं पोर्टलवर नोंदवण्याचं, काम करायचं आहे. स्टुडिओत नवं ॲप्लिकेशन मॉड्यूल तयार केलं की डावीकडे फोल्डरांची यादी दिसते. ‘प्रोसेसेस’मध्ये फ्लो राहतात. ‘स्कीमाज’मध्ये माहितीचे साचे असतात: बिलात कोणते रकाने, त्यांतले सक्तीचे कोणते, कशाची लांबी किती. सरकारनं आयएनव्ही-०१ या नावानं ठरवून दिलेला बिलाचा नमुना इथे येतो. ‘सर्व्हिस डिस्क्रिप्टर्स’मध्ये बाहेरच्या सेवेशी कसं बोलायचं याचा तपशील असतो. ‘रिसोर्सेस’मध्ये डेटाबेस, इंटरनेट यांच्या जोडण्या असतात. आणि ‘मॉड्यूल डिस्क्रिप्टर्स’मध्ये मॉड्यूलची स्वतःची कुंडली.

आता फ्लो. टायमर दर पाच मिनिटांनी जागा होतो. डेटाबेसमधून नवी बिलं उचलली जातात. ‘मॅपर’ त्यांना सरकारी साच्यात बसवतो. मग बिल पोर्टलकडे जातं, आयआरएन येतो आणि तो परत बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला जातो. प्रत्येक पायरीला ॲक्टिव्हिटी म्हणतात. सगळं सुरळीत झालं तर पुढे जाणारा बाण वेगळा आणि चूक झाली तर वळणारा बाण वेगळा.

खरी कसोटी या चुकीच्या बाणापाशी लागते. आयआरएन मनाला येईल तसा दिला जात नाही. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिलाचा क्रमांक या चार गोष्टींवरून तो गणितानं काढला जातो. म्हणजे तेच बिल दुसऱ्यांदा पाठवलं तर तोच क्रमांक निघतो आणि पोर्टल ‘दुबार’ म्हणून ते परतवतं. समजा, पोर्टलनं बिल नोंदवलं, पण उत्तर येता येता इंटरनेट तुटलं. फ्लोच्या लेखी काम झालंच नाही, म्हणून पाच मिनिटांनी तो तेच बिल पुन्हा पाठवतो. पोर्टल नकार देतं. साध्या फ्लोमध्ये ही चूक म्हणून नोंदली जाते आणि आयआरएन तयार असूनही बिल अडकून पडतं. बिल नाही म्हणून माल निघत नाही आणि ट्रक फाटकात उभा राहतो. जाणत्या फ्लोमध्ये ‘दुबार’ हे उत्तर ओळखून आधीचा आयआरएन मागवण्याची सोय असते.

ही समज कुठे लिहून ठेवायची? मुख्य फ्लोतच लिहिली तर तो लांबलचक होतो. शिवाय उद्या क्रेडिट नोट पाठवण्याचा वेगळा फ्लो आला की तिथे हेच सगळं पुन्हा लिहावं लागतं. म्हणून ‘पोर्टलला पाठवा आणि उत्तर घ्या’ एवढीच एक सबप्रोसेस करावी आणि दोन्ही फ्लोंनी तिला हाक मारावी. एका प्रोसेसनं एक काम करावं, ही चांगल्या मांडणीची पहिली खूण.

नावांची गोष्टही इथेच सांगायला हवी. नवी ॲक्टिव्हिटी ओढून आणली की स्टुडिओ तिला मॅपर, मॅपर१, मॅपर२ अशी नावं देतो. घाईत ती तशीच राहतात. पण रात्री अडीच वाजता लॉगमध्ये चूक दिसते ती याच नावानं. ‘मॅपर२ मध्ये बिघाड’ यावरून ड्यूटीवरच्या माणसाला काहीच कळत नाही. ‘बिल-सरकारी-साच्यात’ असं नाव असेल तर कुठे पाहायचं हे तत्काळ समजतं. नाव द्यायला लागतं अर्धं मिनिट. न दिल्याची किंमत मात्र दर बिघाडाला मोजावी लागते.

काढलेलं सगळं धावत नाही

मॉड्यूलच्या कुंडलीत ‘कंपोनन्ट्स’ नावाची एक यादी असते आणि अनेकजण ती कधी उघडतच नाहीत. प्रोसेस आखली म्हणजे ती आपोआप धावेल, असा समज असतो. प्रत्यक्षात सर्व्हर चालू झाल्यावर कोणत्या प्रोसेस जाग्या करायच्या, हे ही यादी ठरवते. यादीतून नाव राहून गेलं, तर सर्व्हर ‘चालू’ असं दाखवतो, लाल खूण कुठेच दिसत नाही, पण एकही बिल पुढे सरकत नाही.

याची उलटी बाजू अधिक घातक आहे. चाचणीसाठी केलेली जुनी प्रोसेस यादीत राहिली तर तिचा टायमर प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामकाजातही, इमानेइतबारे वाजत राहतो आणि खऱ्या बिलांवर हात टाकतो. म्हणून दुसऱ्याचा प्रोजेक्ट हातात आला की फ्लोचं चित्र पाहण्याआधी ही यादी वाचावी. प्रोजेक्टमध्ये काय काय आहे हे फोल्डर सांगतात. त्यातलं काय जिवंत आहे हे कंपोनन्ट्सची यादी सांगते.

सामाईक मॉड्यूल

ई-इन्व्हॉइसमागोमाग मालाच्या वाहतुकीसाठी लागणारं ई-वे बिल येतं. तिथेही तोच जीएसटी क्रमांक, तशीच लॉगिनची पायरी, पत्त्यांचे आणि मालाच्या तपशिलांचे बरेचसे तेच साचे. अशा समान गोष्टींसाठी ‘शेअर्ड मॉड्यूल’ असतं. लॉगिनची सबप्रोसेस, सामाईक साचे, चुका नोंदवण्याची एकसारखी पद्धत तिथे ठेवायची आणि हव्या त्या ॲप्लिकेशननं ती वापरायची.

शेअर्ड मॉड्यूल म्हणजे वाड्यातला सामाईक नळ. पाणी सगळ्यांना मिळतं, पण दुरुस्तीला काढला तर सगळ्यांचंच बंद होतं. त्यामुळे तिथे काय ठेवायचं यापेक्षा काय ठेवायचं नाही, हा प्रश्न मोठा. ‘पुढे कुणाला लागेल’ म्हणून टाकलेल्या गोष्टींनी ते फुगत जातं. मग एका फ्लोसाठी केलेला किरकोळ बदल दुसऱ्या दहा फ्लोंना तपासायला लावतो. निदान दोन ठिकाणी आज खरोखर वापर आहे, अशीच गोष्ट सामाईक करावी. उद्याच्या अंदाजावर सामाईक करू नये.

त्यासोबत व्हर्जनची शिस्त हवी. बिझनेसवर्क्समध्ये मॉड्यूलचं व्हर्जन तीन आकड्यांत लिहितात. वापरणाऱ्याला काही बदलावं लागणार नाही अशा दुरुस्तीला शेवटचा आकडा वाढवायचा, नवी सोय दिली तर मधला आणि वापरणाऱ्याचं मोडेल असा बदल केला तर पहिला. हे तीन आकडे म्हणजे दुसऱ्या टीमला दिलेला शब्द असतो. सगळे बदल १.०.० याच नावाखाली करत राहिलं, की कुठे काय चालू आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

पत्ता, पासवर्ड आणि नियमांचे आकडे

सरकारनं चाचणीसाठी वेगळं सँडबॉक्स पोर्टल दिलं आहे. तिथे खोटी बिलं पाठवून पाहायची आणि खात्री झाली की खऱ्या पोर्टलकडे वळायचं. दोन्हींचे पत्ते वेगळे, युजरनेम-पासवर्ड वेगळे. नोंदणीसाठी सुरुवातीला एनआयसी या सरकारी संस्थेचं एकच पोर्टल होतं, पुढे खासगी कंपन्यांच्या पोर्टलांनाही मान्यता मिळाली. म्हणजे पत्ता बदलणार हे ठरलेलंच. तो फ्लोच्या आत लिहून ठेवला तर प्रत्येक वेळी फ्लो उघडून, बदलून, पुन्हा तपासून पाठवावा लागेल.

यासाठी मॉड्यूल प्रॉपर्टीज असतात. पत्ता, युजरनेम, पासवर्ड, डेटाबेसचं ठिकाण, टायमरचा कालावधी यांना नावं द्यायची आणि फ्लोमध्ये फक्त नावं वापरायची. त्यांच्या किमती प्रोफाइलमध्ये राहतात: एक प्रोफाइल डेव्हलपरच्या संगणकासाठी, एक चाचणीसाठी, एक प्रॉडक्शनसाठी. फ्लो तोच, फक्त प्रोफाइल बदललं की बिल सँडबॉक्सऐवजी खऱ्या पोर्टलकडे जातं.

नियमांचे आकडेही याच खात्यात जमा करावेत. एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यावरच्या उलाढालीच्या व्यवसायांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. त्याआधी हे बंधन १०० कोटींवरच्यांनाच होतं. नोंदवलेला आयआरएन पोर्टलवरून रद्द करायला २४ तास मिळतात. हे ३० आणि २४ फ्लोतल्या एखाद्या अटीत पुरून ठेवले, तर नियम बदलल्यावर ते शोधत फिरावं लागतं. प्रॉपर्टी म्हणून ठेवले तर एका जागी दिसतात आणि लेखापालालाही दाखवता येतात.

पासवर्डबद्दल मात्र वेगळी काळजी हवी. प्रॉपर्टीचा प्रकार ‘पासवर्ड’ ठेवला की किंमत उघड न दिसता गिचमिड अक्षरांत साठते. तेवढ्यावर विसंबू नये. तो नजरेआड करण्याचा उपाय आहे, संरक्षणाचा नाही. प्रॉडक्शनचा पासवर्ड प्रोजेक्टच्या फायलींत असूच नये. तो काम सर्व्हरवर चढवताना, ज्यांच्याकडे अधिकार आहे त्यांच्याकडून, प्रोजेक्टच्या बाहेरून यावा.

रोजचा सांभाळ

प्रोजेक्टची बरीच हानी स्टुडिओतल्या अगदी साध्या हालचालींनी होते. कुणी पाठवलेला प्रोजेक्ट ‘इम्पोर्ट’ करताना तो वर्कस्पेसमध्ये कॉपी करायचा का, असा पर्याय असतो. त्यावर खूण केली नाही, तर स्टुडिओ मूळ फोल्डरवरच काम करतो. ते ‘डाउनलोड्स’मध्ये असेल आणि महिन्याभरानं साफसफाईत उडालं, तर प्रोजेक्टही गेला. काढून टाकतानाही तसंच. ‘डिलीट’ म्हटलं की डिस्कवरच्या फायलीही काढायच्या का, असं एक छोटी चौकट विचारते. खूण नसेल तर प्रोजेक्ट फक्त यादीतून जातो. खूण असेल तर फायली कायमच्या जातात आणि ते मागे घेता येत नाही. तात्पुरता नको असेल तर ‘क्लोज प्रोजेक्ट’ पुरतं, डिलीटच्या वाटेला जायचंच कशाला?

नाव बदलायचं तर स्टुडिओच्या आतूनच बदलावं. संगणकाच्या फोल्डरमध्ये जाऊन फायलीचं नाव बदललं तर ज्या ज्या ठिकाणी तिचा उल्लेख आहे, ते सगळे उल्लेख तुटतात आणि ‘प्रॉब्लेम्स’च्या यादीत लाल खुणांची रांग लागते. स्टुडिओतून बदललं तर ते उल्लेखही सोबत बदलतात.

आणि सगळा प्रोजेक्ट गिट या फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात हवा. इथे फ्लोच्या सॉफ्टवेअरची एक खास अडचण आहे. प्रोसेसच्या एकाच फायलीत कामाचा तर्क आणि चौकोनांच्या जागा दोन्ही साठतात. कुणी सहज एक चौकोन बाजूला सरकवला तरी गिटला बदल दिसतो. एकाच प्रोसेसवर दोघांनी काम केलं, तर त्यांचे बदल हातानं जुळवणं फार कठीण जातं. म्हणून प्रोसेस लहान ठेवाव्यात, एका वेळी एका प्रोसेसला एकाच माणसानं हात लावावा आणि ‘दिसायला नीट’ करण्याचे बदल कामाच्या बदलांत मिसळू नयेत.

शेवटी हे सगळे तुकडे ‘ॲप्लिकेशन’ नावाच्या प्रोजेक्टमध्ये एकत्र येतात: एक ॲप्लिकेशन मॉड्यूल आणि लागतील तेवढी शेअर्ड मॉड्यूल. त्यांची एक इअर फाइल बनते आणि ती सर्व्हरवर जाते. नियम साधा आहे. जी फाइल चाचणीत पास झाली, तीच प्रॉडक्शनला जावी. प्रॉडक्शनसाठी ती पुन्हा बनवली, तर चाचणी एका वस्तूची झाली आणि वापरात आली दुसरीच, असं होतं.

सॉफ्टवेअर बदललं, प्रश्न तेच

हे फक्त बिझनेसवर्क्सपुरतं आहे असं समजू नये. म्यूलसॉफ्टच्या एनीपॉइंट स्टुडिओतही फ्लो, जोडण्या आणि चाचणी की प्रॉडक्शन यानुसार बदलणाऱ्या किमती वेगळ्या ठेवाव्या लागतात. २०१३ मध्ये आयबीएममध्ये जन्मलेलं नोड-रेड हे मोफत साधन आज छंद म्हणून घरातले दिवे-पंखे जोडणाऱ्यांपासून कारखान्यांपर्यंत वापरलं जातं. तेसुद्धा फ्लो एका फायलीत आणि पासवर्डसारखी गुपितं दुसऱ्या फायलीत ठेवतं. पुढे त्यात गिटला जोडलेली ‘प्रोजेक्ट्स’ ही सोयही आली. फुकटचं साधन असो की लाखोंचं परवाना-शुल्क असलेलं, सगळे जण अनुभवाअंती याच मांडणीकडे आले आहेत.

म्हणून दोन विनंत्या. उद्योगांच्या चालकांना ही की, इंटिग्रेशनचं काम ताब्यात घेताना फ्लोचं प्रात्यक्षिक पाहून समाधान मानू नका. प्रोजेक्ट उघडायला लावा आणि चार प्रश्न विचारा. यातलं काय काय धावतं? पत्ते आणि नियमांचे आकडे कुठे आहेत? सामाईक भाग कोण कोण वापरतं? आज प्रॉडक्शनमध्ये कोणतं व्हर्जन आहे? चारही उत्तरं तिथल्या तिथे मिळाली, तर काम नीट झालं आहे. मिळाली नाहीत, तर शेवटचा हप्ता थांबवायला हरकत नाही.

आणि या क्षेत्रात नव्यानं आलेल्या मुलामुलींना ही की, तुमचा फ्लो पुढे कोणीतरी दुसरा सांभाळणार आहे. तुमची टीम बदलेल, कंपनी बदलेल, नियम तर बदलणारच आहेत. त्या अनोळखी माणसाला तुम्हाला फोन न करता प्रोजेक्ट समजला पाहिजे, एवढं एकच माप स्वतःला लावा. चौकोन जोडणं कुणीही शिकतं. या मापाला उतरणारा प्रोजेक्ट मागे ठेवणं, हीच या पेशातली खरी कमाई आहे.